एकाच घरांतील दोन मधुमेही, दोन निराळ्या गोळ्या

लातूरहून एका वाचक भगिनीनें आम्हांस विचारलेला प्रश्न इतका रोजच्या व्यवहारांतला आहे कीं, या महिन्याचें आमचें सर्व सदर आम्ही त्यासच देत आहों. त्यांच्या एकत्र कुटुंबांत सासूबाईंचें वय अठ्ठ्याहत्तर आणि चुलत सासऱ्यांचें त्रेसष्ट. दोघांनाही मधुमेह आहे, दोघांनाही रक्तदाब आहे. काकांना ग्लिमेपिराइड नांवाची गोळी चालू असून तिनें त्यांची साखर ताब्यांत राहिली आहे; शिवाय ती गोळी स्वस्त. सासूबाईंनाही पूर्वीं तीच होती, परंतु डॉक्टरांनीं ती बंद करून लिनाग्लिप्टिन नांवाची दुसरी, तिच्याहून महाग गोळी लिहून दिली. "रोग एक, घर एक, स्वयंपाक एक, मग गोळ्या दोन कशा? काकांच्या डब्यांतली गोळी सासूबाईंना दिली तर काय बिघडेल?" असें त्या विचारतात. घरांतील कांहीं मंडळींना डॉक्टरांच्या हेतूविषयींच शंका येऊं लागली आहे, असेंही त्या प्रांजळपणें लिहितात.

बिघडेल, आणि पुष्कळ बिघडेल. आम्हीं जन्मभर मुलांना रूपावली आणि समासचक्र शिकविलें. वैद्यक हा आमचा व्यवसाय नव्हे, आणि कोणत्या माणसास कोणती गोळी द्यावी हें ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. परंतु त्यांनीं तें कां ठरविलें हें समजून घेणें, आणि ठरवितांना त्यांना जी माहिती लागते ती त्यांच्यापुढें ठेवणें, हें काम घराचें आहे. घर तें करीत नसेल तर चांगला विद्वान् डॉक्टरही अंधारांत चांचपडतो.

प्रश्न नवा वाटला तरी त्याचें उत्तर बरेंच जुनें आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत प्रमेहचिकित्सेचा अध्याय आहे. तेथें प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे सांगितले आहेत: एक स्थूल व बलवान्, दुसरा कृश व दुर्बळ. पहिल्यास शोधन, म्हणजे दोष बाहेर काढण्याचे उपचार. दुसऱ्यास बृंहण, म्हणजे पोषण. रोगाचें नांव एकच, परंतु चिकित्सा जवळजवळ उलट. हें वाचून पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें अशी शेखी मिरविणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. त्यांच्यापाशीं दाब मोजण्याचें यंत्र नव्हतें, मूत्रपिंडाचें काम मोजण्याची युक्ति नव्हती; आणि चरकाचा हवाला देऊन कोणी चालू गोळ्या बंद करावयास सांगूं लागला, तर त्यास आम्ही बसावयास पाटसुद्धां देणार नाहीं. परंतु रोगाबरोबर रोगीही पाहावा ही जी दृष्टि तेथें आहे, तिला अलीकडच्या मोठमोठ्या प्रयोगांनीं भक्कम आधार मिळाला आहे.

आधीं दाबाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आमच्या घरांतून साखरेचें कौतुक फार आणि दाबाकडे दुर्लक्ष असा प्रकार दिसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें वीस वर्षांवरील लोकांत मधुमेह शेंकडा ११.४ आणि रक्तदाब शेंकडा ३५.५ आढळला, म्हणजे दाबाचें दुखणें साखरेच्या तिप्पट. हीं दोन दुखणीं एकत्र आलीं असतां दाब उतरविण्याचा लाभ केवढा असतो, हें इंग्लंडांत १९७७ सालीं सुरू होऊन वीस वर्षें चाललेल्या प्रयोगानें दाखविलें. त्याचे निष्कर्ष १९९८ सालीं बाहेर आले. ज्या मधुमेह्यांचा दाब सरासरी १४४/८२ ठेवला गेला, त्यांच्यांत सरासरी १५४/८७ असलेल्यांपेक्षां पक्षाघात शेंकडा ४४ नीं कमी झाले आणि मधुमेहामुळें होणारे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटले. वरच्या आंकड्यांत फरक अवघा दहाचा! "आतां वय झालें, दाबाची गोळी कशाला?" असें म्हणणाऱ्या वडील मंडळींसाठीं सांगावयाचें तर, ऐंशी वर्षांच्या पुढील माणसांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगानेंही, २००८ सालीं, दाबाच्या औषधाचा लाभच दाखविला.

दाबाच्या औषधांत ठराविक पायऱ्यांनीं जातां येतें. आपल्या राज्यांत भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग या चार जिल्ह्यांतून २०१७ च्या अखेरीपासून राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याचें मर्म हेंच होतें. थोडीं ठराविक औषधें, सर्व केंद्रांवर तींच, दाब न उतरल्यास पुढची पायरी कोणती तें आधींच लिहिलेलें, आणि प्रत्येक रोग्याची नोंद. साध्या आरोग्यकेंद्रांतूनही तो चालला. परंतु वृद्धाच्या साखरेच्या गोळीस इतकी सरळ पायरी लागत नाहीं. तेथें पाऊल टाकण्यापूर्वीं त्या माणसाचें मूत्रपिंड, हृदय, वजन, भूक, एवढेंच नव्हे तर त्याचा दिनक्रमही पाहावा लागतो.

याचें कारण असें कीं, दाब जसा उतरावा तशी साखरही जितकी उतरेल तितकी बरी, हा समज खरा नाहीं. अमेरिका व कानडा येथें दहा हजार दोनशें एकावन्न मधुमेह्यांवर, सरासरी वय बासष्ट, एक प्रयोग चालला होता. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो आंकडा, ज्यास एचबीए१सी म्हणतात, तो एका गटांत ६ च्या खालीं आणण्याचा निश्चय होता, दुसऱ्या गटांत ७ ते ७.९ च्या दरम्यान ठेवण्याचा. २००८ सालीं पहिल्या गटावरील कडक उपचार मुदतीपूर्वींच थांबवावे लागले. त्या गटांत २५७ माणसें दगावलीं होतीं, सौम्य गटांत २०३. म्हणून आज जाणते डॉक्टर धडधाकट वृद्धासाठीं हा आंकडा ७ ते ७.५ च्या आसपास आणि अनेक दुखणीं असलेल्या वृद्धासाठीं ८ पर्यंत चालवून घेतात. तो त्यांचा आळस नव्हे.

येथें आम्हांस आमच्या धंद्याची आठवण होते. लातूर हें गुणांचें गांव. अर्ध्या गुणासाठीं येथें पालक रात्र रात्र जागतात, आणि तीच दृष्टि आजोबांच्या तपासणीच्या कागदावर पडते. पुण्यास असलेला मुलगा दूरध्वनीवरून आंकडा विचारतो, ६.१ असें ऐकतांच "वा! बाबा पहिले आले!" म्हणून आनंद मानतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असलेल्या एक्याऐंशी वर्षांच्या माणसाचा ६.१ हा आंकडा आनंदाचा नसून चौकशीचा आहे. साखर दिवसांतून कितींदा फार खालीं जाऊन येत असेल, तें त्या सरासरीच्या आंकड्यांत कोठेंही दिसत नाहीं.

आतां भगिनींच्या त्या दोन गोळ्या. योगायोग असा कीं, नेमक्या याच दोहोंची तुलना एका मोठ्या प्रयोगांत झालेली आहे. सहा हजारांहून अधिक मधुमेही, सहा वर्षांहून अधिक काळ, अर्ध्यांना लिनाग्लिप्टिन, अर्ध्यांना ग्लिमेपिराइड. २०१९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकार व पक्षाघात दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच झाले, म्हणजे काकांची गोळी विष नव्हे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. परंतु साखर खालीं जाण्याचे प्रसंग ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ३७.७ जणांना आले, तर लिनाग्लिप्टिन घेणाऱ्यांपैकीं १०.६ जणांना. भेद गोळीच्या कामांतच आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावते, मग पोटांत अन्न असो वा नसो. लिनाग्लिप्टिनचा जोर साखर चढलेली असेल तेव्हांच चालतो, आणि मूत्रपिंड मंदावलें तरी तिचें प्रमाण बदलावें लागत नाहीं. त्रेसष्ट वर्षांच्या, वेळेवर जेवणाऱ्या, स्वतःच्या पायांनीं हिंडणाऱ्या माणसास पहिली गोळी चालून जाते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, चार घांस खाऊन ताट बाजूस सारणाऱ्या बाईस ती चालेलच असें नाहीं.

साखर खालीं जाणें म्हणजे काय, हें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांना ती किरकोळ भोंवळ वाटते. नांदेडांत आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत, ऐंशीच्या घरांतले. ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन यांची जोडगोळी ते कित्येक वर्षें घेत असत आणि दाबासाठीं अॅटेनोलोल. एकादशीचा दिवस होता. सकाळीं रोजच्याप्रमाणें गोळी घेतली, दुपारीं थोडी भगर, तीही अर्धी पानांत राहिली. चारच्या सुमारास ते देवघराच्या उंबऱ्यापाशीं बसून असंबद्ध बोलूं लागले, सुनेस आपल्या वारलेल्या बहिणीच्या नांवानें हांक मारूं लागले. मुलास वाटलें पक्षाघात. शेजारच्या एका शहाण्यास वाटलें म्हातारचळ. सुनेनें अंगरख्यास हात लावून पाहिला तों तो घामानें चिंब! बोटांतील थेंब काढून यंत्रावर पाहिला, आंकडा ३८. सत्तरच्या खालीं गेला म्हणजे धोका समजावयाचा, तेथें हा ३८. इस्पितळांत शिरेंतून ग्लुकोज देतांच गृहस्थ शुद्धीवर आले, चहा मागूं लागले. मंडळी घरीं परतण्याच्या तयारीला लागली. परंतु डॉक्टरांनीं सोडलें नाहीं, आणि तें योग्यच झालें, कारण रात्रीं साखर पुन्हां खालीं आली. मूत्रपिंड मंद असल्यामुळें गोळी शरीरांत रेंगाळली होती. दोन दिवसांनीं ते घरीं आले. आतां त्यांची गोळी बदललेली आहे.

या प्रसंगांत दाबाच्या गोळीचाही हात होता, आणि मधुमेह व रक्तदाब एकत्र असतांना औषध लिहिणें अवघड कां होतें तें येथें दिसतें. साखर उतरूं लागली कीं शरीर आपण होऊन सूचना देतें: हात थरथरतात, छाती धडधडते, भूक लागते, घाम फुटतो. अॅटेनोलोल, मेटोप्रोलोल या जातीच्या गोळ्या ती थरथर आणि ती धडधड दाबून टाकतात. घाम तेवढा राहतो. म्हणून त्या गोळ्या बंद कराव्या असें मुळींच नाहीं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसास किंवा हृदय दुर्बळ झालेल्यास त्या पुष्कळदां अत्यंत आवश्यक असतात, आणि त्या एकाएकीं थांबविणें धोक्याचें. घरच्यांनीं एवढेंच जाणावें कीं, अशी गोळी घेणारा मधुमेही वृद्ध अकारण घामाघूम झाला, चिडूं लागला, पेंगूं लागला, बोलण्यांत घसरला, तर आधीं साखर पाहावयाची.

शुद्ध असेल तर तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोजची भुकटी पाण्यांत ढवळून पाजावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजावें, अजून कमी असल्यास पुन्हां द्यावी, आणि सांवरल्यावर भाकरी किंवा भात द्यावा. घरची साखरही चालते; मात्र ज्यांच्या गोळींत व्होग्लिबोज किंवा अॅकारबोज आहे त्यांना ती वेळेवर उपयोगी पडत नाहीं, कारण साखरेचें आंतड्यांत विघटन होण्याची क्रियाच हीं औषधें मंद करतात. त्यांना ग्लुकोजच हवें. आपल्याकडे व्होग्लिबोज दोन-तीन औषधांच्या मिश्रगोळींत पुष्कळदां दडलेलें असतें, म्हणून ग्लुकोजचा पुडा प्रत्येक मधुमेह्याच्या घरांत असावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत मात्र पाण्याचा थेंबही घालूं नये. १०८ क्रमांकास हांक मारावी.

उपवासाविषयीं आम्हांस कोणाशीं वाद घालावयाचा नाहीं. आम्ही स्वतः एकादशी करतों. परंतु उपवासाच्या दिवशीं कोणती गोळी घ्यावयाची, कोणती अर्धी, कोणती वगळावयाची, हें आदल्या आठवड्यांत डॉक्टरांस विचारून कागदावर लिहून ठेवावें. निर्जळ उपवास तर या वयांत आणि या औषधांवर करूंच नये असें आमचें स्पष्ट मत आहे. साबुदाण्याच्या खिचडीनें साखर भरभर चढते तें निराळेंच.

मूत्रपिंडाचा उल्लेख वर आला. तपासणीच्या कागदावर क्रिएटिनिन म्हणून जो आंकडा असतो, तो "नॉर्मल"च्या चौकटींत आहे एवढें पाहून घरचे निश्चिंत होतात. हा मोठा चकवा आहे. तीस वर्षांच्या पुरुषाचें क्रिएटिनिन १.१ असेल तर त्याच्या मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग, ज्यास ईजीएफआर म्हणतात, हल्लींच्या सूत्रानें सुमारें ९२ येतो. तेंच १.१ अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचें असेल तर वेग येतो सुमारें ५१. कागदावर अंक एकच, परंतु मूत्रपिंडाची शक्ति जवळजवळ अर्धी. म्हणून डॉक्टरांस "ईजीएफआर किती?" असें विचारण्यास संकोच करूं नये, आणि त्याबरोबर लघवींतून प्रथिन जातें काय हेंही वर्षांतून एकदां तपासून घ्यावें. तें जात असेल तर दाबासाठीं टेल्मिसार्टनसारखी गोळी निवडण्याचें कारणच मूत्रपिंडाचें रक्षण हें असतें. ही गोळी चालू असतां शरीरांत पोटॅशियम वाढूं शकतें. म्हणून "कमी सोडियमचें" म्हणून विकलें जाणारें मीठ, ज्यांत पोटॅशियम असतें, तें डॉक्टरांस विचारल्याशिवाय स्वयंपाकघरांत आणूं नये.

मेटफॉर्मिन ही मधुमेहावरील जुनी आणि बहुतेक ठिकाणीं पहिली गोळी. ती एकटी असतां साखर फार खालीं नेत नाहीं, स्वस्त आहे, वजन वाढवीत नाहीं. ईजीएफआर ४५ च्या खालीं असतां ती नव्यानें सुरू करीत नाहींत, चालू असेल तर प्रमाण कमी करतात. ३० च्या खालीं ती बंदच. परंतु आमच्या वाचकांच्या घरांसाठीं तिच्याविषयीं एक खास गोष्ट आहे. ती दीर्घकाळ घेतल्यानें शरीरांतील बी-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. जेथें मांस, मासे, अंडीं वर्ज्य, तेथें तें आधींच बेताचें असतें. दुधादह्यावर सर्व भार. मग पायांना मुंग्या येणें, चालतांना तोल जाणें, विसर पडणें, हीं लक्षणें दिसूं लागतात आणि सर्वांचें खापर मधुमेहावर किंवा वयावर फुटतें. रक्ताची एक तपासणी आणि कांहीं इंजेक्शनें वा गोळ्या, एवढ्यावर काम भागण्यासारखें असतां कित्येक आजीबाई काठी घेऊन बसतात.

गेल्या दहा वर्षांत डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या पुढें आल्या. त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. दाबही थोडा उतरवितात. २०१५ सालीं एम्पाग्लिफ्लोझिनच्या प्रयोगांत, आधींच हृदयविकार असलेल्या मधुमेह्यांमध्यें हृदयानें येणारे मृत्यु शेंकडा ३८ नीं घटले. हृदय दुर्बळ असलेल्यांना व लघवींतून प्रथिन जाणाऱ्यांना या गोळ्यांचा मोठा आधार झाला आहे. पूर्वीं त्या महाग होत्या; डापाग्लिफ्लोझिनचें पेटंट २०२० सालीं आणि एम्पाग्लिफ्लोझिनचें मार्च २०२५ मध्यें संपल्यावर अनेक भारतीय कंपन्यांनीं त्या पुष्कळ उतरत्या किमतींत आणल्या. तेव्हां "महाग म्हणून नको" हें कारण आतां तितकें उरलें नाहीं.

परंतु येथेंही रोगी कोण आणि राहतो कोठें, हें पाहावें लागतें. आमच्या मराठवाड्यांत चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, ही गोष्ट कोणी विसरलें नसेल. त्यांत रात्रीं उठावें लागूं नये म्हणून आमच्या वृद्ध स्त्रिया संध्याकाळपासून पाणीच पीत नाहींत. अशा कृश, तहानलेल्या शरीरांत ही गोळी आणि दाबासाठीं लघवी वाढविणारी क्लोरथॅलिडोनसारखी दुसरी गोळी एकत्र झाल्या, तर दाब एकदम उतरून पहाटे न्हाणीघराच्या वाटेवर पाय घसरावयाचा. पडण्यानें खुब्याचें हाड मोडलें म्हणजे पुढचें सर्वांस ठाऊक आहे. गुप्तांगास खाज व बुरशी हा या गोळीचा नेहमींचा उपद्रव. संकोचामुळें सासवा तें सुनांना सांगत नाहींत आणि सुना डॉक्टरांना. तें सांगितलें पाहिजे, उपाय सोपा आहे. आणि जुलाब, उलट्या, तीव्र ताप यांत किंवा अन्नपाणी सुटलें असतां ही गोळी, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन व लघवीची गोळी कांहीं दिवस थांबवावी लागते काय, हें त्याच दिवशीं दूरध्वनीवर विचारावें. या गोळीवर असतांना उपाशीपोटीं मळमळ, उलट्या व धाप लागली, तर साखर फारशी चढलेली नसली तरी इस्पितळ गांठावें.

पायोग्लिटाझोन ही स्वस्त गोळी शरीरांत पाणी साठविते. हृदय दुर्बळ असेल तर ती नकोच, आणि वृद्ध स्त्रियांत हाडें मोडण्याचें भय वाढविते. आपल्या सरकारनें २०१३ च्या जूनमध्यें तिची विक्री थांबविली व जुलैअखेर इशाऱ्यासह पुन्हां सुरू केली. अॅम्लोडिपीन या दाबाच्या गोळीनेंही पाय सुजतात. दोन्ही एकत्र असल्या तर सूज कोणाची हें डॉक्टरांसच उलगडावें लागतें. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी मात्र, कोणाच्या डब्यांत अजून असेल तर, अवश्य दाखवून घ्यावी. ती साठ वर्षांवरील माणसांस योग्य नाहीं असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ च्या आपल्या यादींत नमूद करून ठेविलें आहे.

राहिली गुडघ्यांची गोळी. दुकानांतून मागून आणलेलें डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन कोणी औषधांत धरीतच नाहींत! तें दाब वाढवितें, टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीबरोबर मूत्रपिंडास इजा करतें, आणि मूत्रपिंड मंदावलें कीं साखरेची गोळी शरीरांत सांचूं लागते. नांदेडच्या त्या गृहस्थांच्या उशाखालींही असा एक पुडा निघाला होता.

मुलगा नांदेडास, मुलगी लातुरास, म्हणून आईबाप सहा महिने येथें व सहा महिने तेथें, असा प्रघात हल्लीं पुष्कळ घरांत आहे. दोन गांवांत दोन डॉक्टर. एकानें लिहिलेली टेल्मिसार्टन एका कंपनीच्या नांवाची, दुसऱ्यानें लिहिलेली दुसऱ्या कंपनीच्या नांवाची. सून प्रामाणिकपणें दोन्ही देते. म्हणून एका जाड कागदावर प्रत्येक गोळीचें मूळ नांव, प्रमाण, वेळ, ती कशासाठीं आणि कधींपासून, शिवाय शेवटच्या तपासणींतील ईजीएफआर, एवढें लिहून तो कागद वडिलांच्या पिशवींतच ठेवावा. मूळ नांव ठाऊक असलें म्हणजे जनऔषधी केंद्रांतूनही तीच गोळी मागतां येते. तीन औषधें एकींत असलेली गोळी देण्यास सोपी खरी, परंतु वृद्धाचें एकच औषध कमी करावयाचें झालें तर तिचें काय करणार? दाब मोजतांना बसून एकदां आणि उभें करून एकदां मोजावयास सांगावें. उभें राहतांच वरचा आंकडा वीस वा अधिक उतरत असेल, तर तें डॉक्टरांस कळलेंच पाहिजे.

लातूरच्या भगिनींनीं पुढील खेपेस सासूबाईंस डॉक्टरांकडे नेतांना दोन्ही डबे बरोबर न्यावेत, सासूबाईंचा आणि काकांचाही. काका त्रेसष्टांचे आहेत, त्यांची गोळी त्यांना आज चालते. परंतु त्यांचें क्रिएटिनिन शेवटचें कधीं पाहिलें, रात्रीं जेवण टाळून ते झोंपतात काय, आणि पहाटे कधीं घामानें जाग येते काय, हें त्यांना अजून कोणी विचारलें आहे असें पत्रावरून दिसत नाहीं.